पिंजऱ्यातल्या दांडीबद्दल पण कुणीतरी लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरात पक्षी पाळणाऱ्यांसाठी तुम्ही अर्धं पान दिलंत, वाचून बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे पाळीव प्राणी म्हटलं की कुत्रा आणि मांजर, त्यापुढे गाडी जातच नाही. दाणे कुठले घालायचे, पाणी किती वेळा बदलायचं, समुद्रफेस का टांगायचा, मे महिन्यात पिंजरा गॅलरीतून आत कधी घ्यायचा, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. पण पक्षी ज्या दांडीवर चोवीस तास बसतो त्या दांडीबद्दल अख्ख्या अर्ध्या पानात एक ओळ नाही हो! आणि हे तुमच्याच पेपरचं नाही, दुकानात जा, डॉक्टरकडे जा, घरोघरी जा, सगळे खाण्याचं विचारतात, पायाखालचं कुणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त फांद्या कुठल्या घ्यायच्या आणि कुठल्या नाही तेवढं ठेवा.

आता बघा, आपण रात्री तरी आडवे होतो. बजी (दुकानातला छोटा रंगीत पोपट), कॉकटील (तुरेवाला, बजीपेक्षा मोठा), फिंच (चिमणीसारखा बारका पक्षी) आडवे होत नाहीत, ते झोपतात पण उभ्यानेच, आणि त्यातही बरेचदा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेऊन दुसऱ्या एकाच पायावर. पक्षी खाली टेकला, पाय दुमडला की आतले स्नायूबंध ताणले जातात आणि बोटं आपसूक दांडीभोवती आवळली जातात म्हणून झोपेत खाली पडत नाही, देवाने केलेली सोय आहे ती. पण याचा अर्थ असाही झाला की त्याचं सगळं वजन, जन्मभर, दिवसरात्र, तळपायाच्या त्या नखाएवढ्या जागेवर. बजीचं वजन ते किती, तीस-चाळीस ग्रॅम, कॉकटीलचं ऐंशी-शंभर ग्रॅम, पण पाय पण तेवढासाच ना. रानात हे चालून जातं कारण कुठलीच फांदी सारखी नसते, इथे जाड, तिथे बारीक, मधे गाठ, वाऱ्याने हलणारी, पक्षी दर थोड्या वेळाने जागा बदलतो आणि दर जागेला तळपायाचा वेगळा भाग टेकतो. पिंजऱ्यात आपण काय देतो, दोन प्लॅस्टिकच्या दांड्या, एकाच जाडीच्या, गुळगुळीत, एकाच उंचीवर. एकच कडक चप्पल घालून कुणी आपल्याला रात्रंदिवस उभं केलं, झोपायचं पण तीच घालून, तर पायाचं काय होईल तेच त्यांचं होतं.

संध्याकाळी आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला जाणारे तुमचे शेकडो वाचक असतील, १८७९ पासून सयाजीराव महाराजांच्या कृपेने आपण तिथे शेंगदाणे खात फिरतोय, तर एकदा मान वर करून झाडावर उतरणाऱ्या पोपटांच्या थव्याकडे बघा. नुसता कलकलाट ऐकू नका, पाय बघा. एक पोपट पण सरळ गुळगुळीत जागी जाऊन दोन-दोन तास बसलेला दिसणार नाही. तिरक्या फांदीवर चढेल, चोचीने धरून वर जाईल, शेंड्याला लटकेल, मग जाड फांदीवर येऊन जरा टेकेल. त्याचे पंजे पण तसेच बनलेत, दोन बोटं पुढे आणि दोन मागे, चिमट्यात धरल्यासारखी पकड. बजी, कॉकटील, लव्हबर्ड हे सगळे त्याच कुळातले. फिंच, कॅनरी यांची तीन बोटं पुढे, एक मागे, त्यांना आणखी बारीक फांदी लागते.

दुकानात मात्र सगळ्यांना एकच पिंजरा. मंगळबाजाराकडे जाताना एका दुकानात (नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे) मी विचारलं, भाई, ही दांडी बजीची का कॉकटीलची, तर म्हणाला, "बेन, बधा आ ज लई जाय छे." सगळे हीच नेतात. झालं, विषय संपला! वर घुमटाचा सोनेरी पिंजरा, दिसायला देवघर, आत दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या. पक्ष्याला घुमटाचा काय उपयोग? त्याला आडवी जागा पाहिजे, पंख मारायला, आणि पायाला बरं वाटेल असं काहीतरी धरायला पाहिजे.

पायाला त्रास झाला हे कळतं कसं, ते सांगते, कारण पक्षी ओरडून सांगत नाही, उलट आजारपण लपवतो. आमच्या शेजारच्या काकूंकडे एक करडा कॉकटील आहे, गालावर केशरी टिकल्या, शिट्टीवर आरतीची चाल म्हणतो, आमच्या सगळ्या गल्लीत फेमस. काही दिवस तो दांडीवर सारखा एक पाय उचल, मग दुसरा उचल, असं करत होता आणि काकूंचा नातू टाळ्या वाजवून म्हणायचा, आजी तो नाचतोय. मोबाईलवर व्हिडिओ पण काढला, सगळ्या ग्रुपवर फिरला. मी म्हटलं काकू, जरा धरा त्याला, नॅपकिनमध्ये हळूच गुंडाळून उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात तळपाय बघितले. चांगल्या पायाला खाली बारीक बारीक दाणेदार खवले असतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. याच्या दोन्ही पायांना मधोमध तेवढीच एक जागा दाणे जाऊन सपाट झालेली, गुलाबी, ताणल्यासारखी चकचकीत, आणि डाव्या पायाला कडेने किंचित सूज. नाच कसला, आग होत होती बिचाऱ्याच्या पायाची.

डॉक्टर याला बंबलफूट म्हणतात. या पायरीला धरलं तर दांडी बदलून, खाणं सुधारून, वजन आटोक्यात आणून बरं होतं. दुर्लक्ष केलं तर कातडी फाटते, जखमेत स्टॅफिलोकोकससारखे जंतू शिरतात, काळी खपली धरते, आत पू होतो, आणि मग गोष्ट हाडापर्यंत जाते, ऑपरेशन करावं लागतं, आणि एवढ्याशा जिवाला ऑपरेशन म्हणजे काय ते तुम्हीच समजा. काकूंचा वेळेवर सापडला, आता परत आरती म्हणतोय, नाचत मात्र नाही. आणि एक, कृपा करून तळपायाला हळद-तेल, तूप, खोबरेल लावू नका. मला माहितीय आपला हात आधी हळदीच्या डब्याकडेच जातो. पण तेल पायावरून पोटाच्या पिसांना लागतं, पिसं चिकटतात, अंगाची ऊब राखणं बंद होतं, आणि पक्षी ते चोचीने साफ करत करत पोटात घेतो. पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, बाकी काही करू नका.

खाण्याचं मघाशी म्हटलं कारण ते पण पायाशी जोडलेलं आहे. नुसते दाणे, त्यातही नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन पक्षी लठ्ठ होतो म्हणजे पायावर जास्त वजन, आणि दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं त्यामुळे कातडी कच्ची राहते, लवकर फाटते. गाजर किसून, लाल भोपळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, जे आपल्या घरात रोज असतंच ते द्या. तुमच्या पुरवणीत हे आलं होतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता जाडी. लोक विचारतात किती एमएमची घ्यायची, म्हणून सांगते पण पट्टी घेऊन बसू नका. पक्षी दांडीवर बसला की समोरून आणि बाजूने बघा, बोटांनी दांडीचा दोन-तृतीयांश, फार तर पाऊण घेर धरलेला पाहिजे. पुढची नखं फिरून मागच्या नखांना भिडत असतील तर दांडी बारीक, तेव्हा सगळं वजन तळव्याच्या एका टोकावर येतं आणि नख कातडीत रुतू पण शकतं. उलट बोटं सरळ पसरून नुसती वर ठेवल्यासारखी असतील तर जाड, पकडच बसत नाही. बजीला एक ते दीड सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या करंगळीपासून मधल्या बोटापर्यंत. कॉकटीलला दीड ते अडीच, अंगठ्याएवढी आणि थोडी वर. आफ्रिकन ग्रेसारखा मोठा पक्षी असेल तर लाटण्याच्या जाडीपर्यंत जा. दुकानात बजीला सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, जरा भरलेला, त्याला बजीपेक्षा थोडी जाड चालते. पण खरी गोष्ट ही की एक "बरोबर" जाडी शोधून सगळ्या दांड्या तशाच लावल्या तर परत तेच झालं! तीन-चार वेगवेगळ्या जाडीच्या पाहिजेत, आणि एकाच फांदीत पण एक टोक जाड, एक बारीक असेल तर फारच छान.

म्हणून मी म्हणते पेरूची फांदी. आपल्या बडोद्यात जुन्या वाड्यांच्या परसात, बंगल्यांच्या कंपाउंडला, पेरूचं झाड नाही असं होत नाही, आजूबाजूची गुजराती मंडळी जामफळ म्हणतात आणि छाटणीच्या वेळी फांद्या फुकट देतात. पेरूचं लाकूड चिवट, साल पातळ, वळणं भरपूर, आणि पक्ष्यांना कुरतडायला आवडतं, चोच पण झिजते आणि वेळ पण जातो. कडुलिंब चालतो, रस्त्यारस्त्यावर आहे. शहतूत चालतं, बांबू चालतो पण तो गुळगुळीत असतो म्हणून एखादाच. निलगिरी पण चालते, बजी आणि कॉकटील दोघांचं मूळ ऑस्ट्रेलियातलं, तिथे निलगिरीवरच त्यांचं बसणं-उठणं, जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडात नेले आणि तिथून सगळ्या जगाच्या पिंजऱ्यांत पसरले, तर म्हणायला माहेरचीच फांदी.

पण दिसेल ती फांदी तोडून आणू नका. कण्हेर अजिबात नको. ती सोसायटीच्या गेटापाशी असते, हायवेच्या मधल्या पट्ट्यात मैलोनमैल लावलेली असते, फांद्या सरळ आणि सुबक, मोह होतो, पण पूर्ण झाड विषारी आहे, पान, साल, लाकूड, सगळं. पिवळी बिट्टी तशीच. रुई, शेर, निवडुंगाच्या जातीचं काही, धोतरा, चाफा पण नको, आणि एक शहतूत सोडलं तर तोडल्यावर पांढरा चीक येतो अशा झाडाच्या वाटेला जाऊच नका. अॅव्होकॅडोचं झाड कुणी हौसेने लावलं असेल तर ते पण नाही. ज्याची खात्री नाही ते नाही, इतकं सोपं. आणि चांगल्या झाडाची असली तरी औषध फवारलेल्या बागेतली किंवा अगदी ट्रॅफिकच्या तोंडावरची काळी पडलेली फांदी घेऊ नका.

आणल्यावर काय करायचं तर काही फार नाही. पानं काढा, कडक ब्रशने गरम पाण्यात घासा, सालीच्या फटीत मुंग्या, किडे, बुरशी आहे का बघा, असेल तर ती फांदी सरळ चुलीत, मग आपल्या गच्चीवर उन्हात टाका, बडोद्याचं ऊन आहे, दोन-चार दिवसांत खडखडीत होते. साल काढू नका, सालीमुळेच पकड येते. रंग नको, पॉलिश नको, व्हार्निश नको. टोकाला भोक पाडून स्टीलचा स्क्रू आणि वायसर लावून जाळीला आवळली की घट्ट बसते, गल्लीतला सुतार चहा पिता पिता करून देतो. फिरणारी, डगमगणारी दांडी नको, पक्षी रात्री घाबरतो. बांधायला गॅल्वनाइज्ड तार वापरतात लोक, तिच्यात जस्त असतं, पोपटाच्या जातीचे पक्षी चोचीने खरवडून खातात आणि जस्त त्यांना विष आहे. आणि मांजा! उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, झाल्यावर घराघरात फिरक्या उरलेल्या असतात आणि कुणीतरी झोका बांधायला तोच घेतो. काच लावलेला दोरा, बोट कापायला वेळ लागत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, एका चांगल्या शिकलेल्या घरात.

दुकानात "स्पेशल" म्हणून जे मिळतं त्याबद्दल पण दोन शब्द. सँडपेपर गुंडाळलेली दांडी मिळते, वर लिहिलेलं असतं नखं आपोआप झिजतात. अहो, पक्षी दांडी धरतो तेव्हा नखाचं टोक दांडीला टेकतच नाही, ते बाहेर वळलेलं असतं, टेकतो तो तळपाय. म्हणजे नखं तशीच राहतात आणि पायाची सालटी निघतात. पैसे देऊन दुखणं विकत घ्यायचा प्रकार, मला तर राग येतो. सिमेंटची किंवा प्यूमिस दगडाची खरखरीत दांडी एखादी चालते, पण ती दाण्यांच्या वाटीजवळ, जिथे पक्षी थोडा वेळ बसतो आणि चोच घासून जातो, झोपायच्या जागी नाही. कॉटनच्या दोराची दांडी पायाला मऊ, म्हाताऱ्या पक्ष्यांना छान, फक्त दर आठवड्याला नीट बघायची, सुटे धागे कात्रीने कापायचे आणि फारच विसकटली तर फेकायची, कारण धागा बोटाला गुंडाळला की रक्त बंद होतं, आणि गिळला तर पोटात गोळा. लोखंडाची किंवा स्टीलची नळी तर विचारूच नका, जानेवारीत गार, मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा गॅलरीतल्या पिंजऱ्यात ती तव्यावर ठेवल्यासारखी तापते.

लावायची कुठे, यात लोक जास्त घोळ घालतात. दांडीखाली पाण्याची वाटी ठेवली तर पाण्यात विष्ठा पडणारच, मग पक्षी पाणी पीत नाही म्हणून तक्रार. सगळ्यात वरची दांडी ती झोपायची, पक्ष्याला उंचावर सेफ वाटतं, म्हणून तीच सगळ्यात आरामाची, खऱ्या फांदीची आणि योग्य जाडीची ठेवा. भिंतीला इतकी चिकटवू नका की शेपटी जाळीला घासेल, कॉकटीलची शेपटी लांब असते, टोकं तुटलेली दिसली की समजा दांडी चुकीच्या जागी आहे. दोन्ही टोकांना उंच-खाली लावा आणि मधली जागा मोकळी सोडा, म्हणजे उडी मारून, पंख फडकवून जाता येतं. हौसेने आठ-दहा फांद्या कोंबल्या की पक्ष्याला हलायला जागा उरत नाही, मग तो एकाच जागी बसतो, आणि आपण परत तिथेच आलो.

पंख कापलेले, म्हातारे, संधिवात झालेले पक्षी असतील तर त्यांना सपाट फळी द्या, जरा रुंद, खालच्या उंचीवर, वर जुना सुती कपडा ताणून, पण दोरे निघणारा टर्किश टॉवेल नको. त्यांना उंचावरून पडायची भीती असते.

आणि एकदम सगळं बदलू नका! नवीन फांदी दिसली की पक्षी घाबरतात, बजी तर जाळीला लटकून बसतात जसा काही साप आणून ठेवलाय. जुन्या दांडीच्या शेजारी नवी लावा, त्याच उंचीवर, राळ्याचं कणीस त्या बाजूला टांगा, जाऊ द्या काही दिवस. एकदा त्याने स्वतः पाय ठेवला की मग जुनी काढा. दर आठवड्याला घासून धुवायची, फिनाइल नको, गरम पाणी पुरे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायची नाही, ओल्या लाकडावर उभं राहून पाय खराब होतात. कुरतडून संपली की फेकून दुसरी, फुकटची आहे, जीव कशाला लावायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते म्हणजे नंतर कुणी मला विचारायला येणार नाही. घरात देशी राघू, पहाडी पोपट, मैना, मुनिया असेल तर दांडी कुठली लावू हे विचारूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळायला बंदी आहे, मुनियाला हिरवा-गुलाबी रंग मारून विकतात ते पण त्यातच आलं. आणि कायद्याच्या भीतीने एक दिवस पिंजरा उघडून सोडून पण देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर कावळ्यांच्या तावडीत जातो, वनखात्याकडे द्या. आफ्रिकन ग्रे, मकाव असले परदेशी पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी आणि कॉकटीलला ती भानगड नाही. आपल्या बडोद्याला पोपटांची हौस जुनी, गायकवाडी जमान्यात दरबारचे पोपट चांदीच्या इवल्याशा सायकली चालवून पाहुण्यांची करमणूक करायचे असं जुनी माणसं अजून रंगवून सांगतात, ऐकायला मजा येते, पण मला दर वेळी वाटतं की त्या कसरतीनंतर त्यांना बसायला काय देत असतील, चांदीचीच दांडी असली तर बिचाऱ्यांचं अवघड!

उत्तरायणाचं पण सांगायला पाहिजे, कारण जानेवारीत तुमच्या पेपरात जखमी पक्ष्यांचे फोटो दर वर्षी येतात. कबुतर, घार, बगळा, इबिस, दोऱ्याने पंख कापून गच्चीवर पडतात आणि आपली माणसं प्रेमाने उचलून घरच्या बजीच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवतात, वर दांडीवर बसवायचा प्रयत्न करतात. करू नका. कबुतराचा पाय सपाट जागेचा, ते खिडकीच्या कठड्यावर राहणारं, त्याला बजीची बारीक दांडी धरता येत नाही, आणि कापलेल्या पंखाने तोल जाऊन परत पडतं. जखमी पक्ष्याला दांडी द्यायचीच नाही. पुठ्ठ्याचं खोकं, हवेला भोकं, खाली घडी घातलेला सुती कपडा, वर झाकण, अंधार आणि शांतता. पाणी चोचीत ओतू नका, श्वासनळीत जातं. करुणा अॅनिमल अॅम्ब्युलन्सचा १९६२ नंबर फिरवा. हा नंबर तुम्ही १० जानेवारीपासून रोज पहिल्या पानावर चौकटीत छापलात तर फार उपकार होतील, पतंगाच्या भावांच्या बातम्यांना जागा होते तर याला पण होईल.

आणखी दोन मागण्या. एक, पक्ष्यांचं बघणाऱ्या एखाद्या डॉक्टरकडून पायाच्या आजारावर लिहून घ्या, फोटोसकट, चांगला तळपाय आणि खराब तळपाय शेजारी शेजारी, म्हणजे लोक पेपर हातात धरून आपापल्या पक्ष्याचे पाय बघतील. माझ्या पत्राने तेवढं होणार नाही. दुसरी, पावसाळ्याआधी रस्त्यारस्त्यावर झाडांची छाटणी होते, कडुलिंबाच्या फांद्यांचे ढीग दोन-दोन दिवस फुटपाथवर पडून असतात आणि मग ट्रकमधून जातात. छाटणी कुठल्या एरियात कधी आहे ते तुम्ही स्थानिक बातम्यांत एका ओळीत दिलंत तर पक्षीवाले पिशव्या घेऊन जातील, कुणाचं काही नुकसान नाही.

आमच्या परसातल्या पेरूची छाटणी या महिनाअखेर करायची आहे. औषध वगैरे कधी मारलेलं नाही, पेरू आमच्याआधी वटवाघळंच खातात. ज्यांना फांद्या हव्यात त्यांनी येऊन न्याव्या, पत्ता तुमच्या ऑफिसात ठेवलाय, विचारणाऱ्याला द्यायला हरकत नाही. पिंजऱ्याची रुंदी मोजून आणा, करवत माझ्याकडे आहे, लागेल त्या मापात कापून देईन. पिशवी आपापली आणा. दुपारी दोन ते चार मात्र येऊ नका, त्या वेळात आमच्या घरात बजीसकट सगळे झोपलेले असतात.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा